अडीच इंचांच्या गालावरची तीट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या माझ्या घरमालकीणबाईंचं नाव घेतो. नाव घेतो म्हणजे ‘बाई’ एवढंच म्हणतो. आमच्या तालुक्याच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रियांना आम्ही बाई म्हणायचो, आणि ह्या बाईंनी मला जेवढं शिकवलं तेवढं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नाही. आईवडिलांचे उपकार वेगळे. ते ह्या हिशेबात धरत नाही.

बाई इंग्रज, वय सत्तरीच्या पुढे. काम, माणसांची चित्रं काढण्याचं. पण चित्रं एवढीशी, तळहातावर ठेवून मूठ मिटता येईल अशी. कॅमेरे नव्हते तेव्हा लोक आपल्या माणसाचं असं चित्र लॉकेटमध्ये घालून जवळ बाळगत. आजही कुणी हे काम करतं, हे मला खोली बघायला गेलो त्या दिवशी कळलं. मागच्या बेडरूममध्ये त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी मला भिंग दिलं आणि एका नवरीचं चित्र दाखवलं. तिच्या कानातल्या मोत्यावर खिडकीचं प्रतिबिंब होतं.

काहीतरी हुशारीचं बोलावं म्हणून मी म्हणालो, “आमच्या गावच्या जत्रेत एक माणूस तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देतो.”

हे मी नंतर स्टॅनमोरच्या माझ्या मित्राला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. “अरे, एवढ्या सीनियर आर्टिस्टला तू जत्रेतला तांदूळवाला सांगितलास? रूम गेली तुझी.”

रूम गेली नाही. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “कुठल्या ब्रशने?”

“मी विचारलं नाही.”

“तू त्याच्यासमोर उभा होतास, आणि विचारलं नाहीस?” गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच दिवशी धाकट्या भावाला फोन करून सांगितलं की पुढच्या जत्रेत तेवढं विचारून घे.

चूक भरून काढावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझी सर्टिफिकेटांची फाइल आणली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे ही फाइल मी विमानात मांडीवर घेऊन आलो होतो. त्यात ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेचं सर्टिफिकेट होतं, सी ग्रेड. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

“मार्क कशात गेले?”

“स्थिरचित्रात. एक माठ आणि दोन वांगी होती.”

बाईंनी सर्टिफिकेट नीट परत फाइलमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, “वांगी अवघड असतात.”

त्या क्षणी मला वाटलं, इथेच राहावं.

त्यांचे वडील बस चालवत. माझे एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांच्याही घरातून कॉलेजात जाणाऱ्या त्या पहिल्याच. आर्ट कॉलेजात त्या काळी सगळं भिंतीएवढं काढायची पद्धत होती, बादलीने रंग ओतायचा. बाईंनी पहिलं छोटं चित्र नेऊन दाखवलं तर त्यांचे सर म्हणाले, “छान. उरलेलं कुठे आहे?” ते वाक्य बाई पन्नास वर्षं विसरल्या नव्हत्या. मग त्यांनी आयुष्यभर उरलेलं काढलंच नाही. नवऱ्या काढल्या, निवृत्त होणारे हेडमास्तर काढले, लष्करातले अधिकारी काढले, आणि सर्वांत जास्त कुत्रे. कुत्र्यांची गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत, असं त्या म्हणायच्या. माणसांची करतात. एका गिऱ्हाईक बाईंनी नवऱ्याचं चित्र करून घेतलं आणि चार वर्षांनी ते परत आणून दिलं. “कोट छान आलाय, तो राहू द्या. चेहरा बदला. हा घ्या नवीन नवऱ्याचा फोटो.” बाईंनी बदलून दिला. नव्या नवऱ्याची मान जाड होती, म्हणून कॉलर सैल करावी लागली.

“तिसऱ्यांदा आल्या का?” मी विचारलं.

“आल्या. मी म्हटलं, आता कोटही जुना झाला.”

लंडनमध्ये ह्या छोट्या चित्रांचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. चित्रं निवडून घेतात. बाईंचं चित्र तिथे वर्षानुवर्षं लागत आलेलं. मी राहायला गेलो त्याआधीची सलग दोन वर्षं मात्र ते परत आलं होतं. नकाराची दोन्ही पत्रं त्यांनी फ्रिजवर लावून ठेवली होती, दुधाच्या बाटलीसाठी हात पुढे केला की दिसतील अशी. हात किंचित थरथरतो, वयामुळे होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी मला सरळ सांगितलं, “अजून एक चित्र. ह्या वेळी जमलं नाही तर ब्रश शाळेला देऊन टाकायचे, घर विकायचं आणि कार्डिफला बहिणीकडे जाऊन राहायचं.” म्हणजे त्या एका चित्रावर त्यांचं सगळं आयुष्यभराचं काम टांगलेलं होतं. माझी खोलीही टांगलेली होती, पण खरं सांगतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पाच मिनिटांनी.

समोर बसायला माणूस हवा होता. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे फिरवलं आणि म्हणाल्या, “तुझ्या चेहऱ्यावर वांग्यासारखा उजेड पडतो.”

मी हे कौतुक म्हणून घेतलं. ते कौतुकच होतं.

सोळा शनिवार मी त्यांच्यासमोर बसलो. त्या खोलीचे नियम आमच्या सर्व्हर रूमपेक्षा कडक. लोकरीचं काही घालून आत यायचं नाही, कारण लोकरीचा एक तंतू ओल्या रंगावर पडला की गालावर दोरखंड पडल्यासारखा दिसतो. काम चालू असताना बाई स्वतः तोंड उघडत नसत. बोलताना उडालेला थुंकीचा कणही रंगाला भोक पाडतो म्हणे. मी मात्र बोललंच पाहिजे. गप्प माणसाचा चेहरा मरतो, असं त्यांचं म्हणणं. सगळं चित्र ठिपक्यांचं. एका केसाच्या टोकाने एक ठिपका, त्याच्याशेजारी दुसरा, अडीच इंचांत लाखभर तरी असतील.

आता माझं इंग्रजी कसं होतं ते सांगायला हवं. वाचायला चांगलं, लिहायला बरं, बोलायला नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी वर्षभर दोनच वाक्यं बोललो होतो, ‘आय अग्री’ आणि ‘सॉरी, आय वॉज ऑन म्यूट’. इथे मात्र समोर एक बाई, तिला ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तिला मधे बोलता येत नाही. मी बोलू लागलो. डेपो, वडिलांच्या हातांना येणारा डिझेलचा वास, पहिल्यांदा इस्त्री केलेला शर्ट, दहावीच्या निकालाला आईने गल्लीभर वाटलेली साखर, कारण पेढे संपले होते. बाई फक्त “हं” करायच्या. काही फारच गमतीचं आलं तर ब्रश खाली ठेवून खोलीबाहेर जायच्या, जिन्यात हसून घ्यायच्या आणि परत येऊन बसायच्या. सातव्या शनिवारपर्यंत त्यांना किती वेळा जिन्यात पाठवता येतं ह्याची मी तयारी करून जाऊ लागलो. पुढे एका सोमवारी मीटिंगमध्ये मी सलग चार मिनिटं बोललो. मॅनेजरने लॅपटॉपवरून मान वर करून, कोण बोलतंय ते बघितलं.

मे महिन्यात आई आली. चित्र जवळजवळ पूर्ण झालं होतं.

आईला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी. दोघीही आपापल्या भाषेत जरा मोठ्याने बोलायच्या आणि त्यांचं चालायचं. भांडण झालं ते फक्त लोकरीवरून. आई मे महिन्यातही स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर अशी बसायची. मी नियम समजावून सांगितला.

“म्हणजे चित्रासाठी मी थंडीनं मरायचं?”

बाईंनी आपला जुना रेशमी गाउन आणून दिला, त्यावर मोठमोठे बगळे होते. आई पाचवारीवर तो गाउन घालून घरभर फिरू लागली, आणि बाईंच्या स्टुडिओत तिला मुक्त प्रवेश मिळाला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती तास न् तास बघायची. एकदा मला म्हणाली, “ह्या बाई रांगोळीच काढतात रे, फक्त ठिपके जोडायचे राहून जातात.”

चित्र पाठवायच्या आधीच्या शनिवारी मी किराणा आणायला स्टॅनमोरला गेलो होतो. दुपारी परत आलो तर बाई स्टुडिओत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेल्या. चित्रावर नेहमी उपडं ठेवलेलं काचेचं भांडं बाजूला काढलेलं.

“बघ,” त्या म्हणाल्या.

मी भिंगातून बघितलं. माझ्या डाव्या गालावर काळा ठिपका होता. खऱ्या मापात तिळाच्या निम्माही नसेल, पण तेवढ्याशा चेहऱ्यावर कावळा येऊन बसल्यासारखा दिसत होता.

“काल मी तुझे केस काळे करत होते. तेव्हा हातून पडला असणार.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “ह्यातला प्रत्येक ठिपका मला माहीत आहे. हा माहीत नाही. पुसायला गेले तर खालचा गाल निघेल. पण प्रश्न तो नाही. माझा हात मला न सांगता काम करायला लागलाय.”

मी म्हणालो, होतं असं कधीकधी. त्या म्हणाल्या, “ह्या कामात नाही.” बहिणीला फोन करून झाला होता. दोनची टॅक्सी सांगितली होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई बगळ्यांच्या गाउनमध्ये कोथिंबीर निवडत होती.

“बाई कुठं निघाल्या?”

“कार्डिफला. चित्रावर काळा डाग पडला त्यांच्या हातून. आता चित्र पाठवणार नाहीत. घर विकायचं म्हणतात.”

“डाग कसला? ती तीट लावलीय मी.”

“आई, तुला कुणी सांगितलं होतं?”

“तीट लावायला सांगावं लागतं होय? एवढं गोड काढलंय तुला, माझीच नजर लागायची. आणि उद्या तिथं शंभर माणसं बघणार म्हणालास. घरून डबी आणलीय काजळाची, तुझ्या पोराबाळांना होईल म्हणून. त्यांचा तर पत्ता नाही, म्हटलं तुलाच लावावी.” मग जरा अभिमानाने, “बोट मोठं पडलं असतं, म्हणून उदबत्तीच्या काडीनं लावली. श्वास धरून. आणि भांडं होतं तसं झाकलं.”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. टॅक्सी.

मी बाईंची बॅग उचलली. जिना, दार, फाटक. एवढ्या अंतरात एक वाक्य बोलायचं होतं. सोळा शनिवार मी ह्याच बाईंशी पाण्यासारखं इंग्रजी बोललो होतो. टॅक्सीचं दार लावताना मी म्हणालो, “सेफ जर्नी.”

आईला वाचवायचं म्हणून मी गप्प बसलो असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. माझी आई चित्राला दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावते, हे मला त्या घरात उच्चारायची लाज वाटली. तिच्याच कष्टांवर शिकलेल्या माणसाला. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

टॅक्सी कोपऱ्यावर वळल्याबरोबर धीर आला, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा. बाईंचा मोबाइल स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, बॅटरी संपलेला. संध्याकाळी मी त्यांच्या बहिणीच्या लँडलाइनवर फोन केला. त्यांना कमी ऐकू येतं.

“नमस्कार, मी वॉटफर्डहून बोलतोय, तुमच्या घरी...”

“आमचा कॉम्प्युटर उत्तम चालतोय, थँक्यू.” फोन बंद.

दुसऱ्यांदा केला. माझा उच्चार कानावर पडताच त्या म्हणाल्या, “माझं कुठल्याही बँकेत खातं नाही,” आणि बंद. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही. शेवटी रविवारी मी पत्र लिहायला बसलो, आणि सोमवारी सकाळी ट्रेनला जाताना फर्स्ट क्लासचं टपाल तिकीट लावून टपालपेटीत टाकलं.

बुधवारी दुपारी बाई आल्या. मी घरूनच काम करत होतो. कोटही न काढता त्या आईला हाताला धरून स्टुडिओत घेऊन गेल्या, आणि मला म्हणाल्या, “विचार, कशाने लावला?”

आईने उदबत्तीची काडी आणून दाखवली. बाईंनी तिचं टोक भिंगाखाली धरलं, मग ठिपका भिंगाखाली घेतला. मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती, ती कुणाला लागली नाहीत.

“कड बघ ह्याची,” बाई मला म्हणाल्या. “गोल, आणि एका दमात. तुझ्या आईला सांग, हात चांगला आहे.”

मी सांगितलं. आई म्हणाली, “त्यांना सांग, त्यांचाही वाईट नाही.”

बाई जिन्यात गेल्या. ह्या वेळी बराच वेळ गेल्या. आल्यावर त्यांनी कोट काढला, सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि त्या काळ्या ठिपक्याच्या कडेला उजेडाचा एक ठिपका दिला. झालं. तीट होती, तीळ झाला. शुक्रवारी चित्र नेऊन दिलं आणि पुढे ते निवडलं गेलं.

प्रदर्शनात आई बगळ्यांचा गाउन घालून येणार होती. मोठ्या मिनतवारीने तिला शालीवर राजी केलं. एका वृद्ध गृहस्थांनी आधी भिंगातून चित्र बघितलं, मग माझा गाल, मग परत चित्र, आणि हळू आवाजात विचारलं की मी तो तीळ काढून घेतला का. मी हो म्हणालो. आईचा निकाल मात्र पक्का होता. “दोन वर्षं तीट नव्हती, दोन वर्षं परत आलं. औंदा लावली, लागलं.” हे मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. बाईंनी त्यावर वाद घातला नाही.

बाई अजून वॉटफर्डलाच आहेत, अजून काम करतात. फ्रिजवरची दोन पत्रं काढून टाकली आहेत. आई जाताना काजळाची डबी त्यांना देऊन गेली. आता चित्र पाठवण्याआधी बाई फ्रेमच्या मागच्या कागदावर एक काळा ठिपका देतात, उदबत्तीच्या काडीने. समोर द्यायची त्यांची हिंमत नाही, असं त्या म्हणतात. तेवढा हात साधलेला नाही.

माझं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. मागच्या महिन्यात मागून घेतलं. ते इंग्रजीत होतं. मनात जसं मराठीत आलं होतं तसं इथे देतो.

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

चित्रावरचा ठिपका तुमच्या हातून पडलेला नाही. तो माझ्या आईने लावला आहे. आमच्याकडे लहान मुलाला नजर लागू नये म्हणून त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, म्हणजे मूल जरा बिघडलेलं दिसतं आणि कुणी हेवा करत नाही. शाळेत जाईपर्यंत मला रोज लावायची. चित्र फार सुंदर झालं म्हणून तिला भीती वाटली. इतकंच. तिने ते काचेचं भांडं परत झाकलं, ह्यावरून तिला तुमच्या कामाची किंमत कळते हे तुम्ही ओळखाल.

हे मला शनिवारी तुम्ही निघण्याआधी काही मिनिटं कळलं होतं. मी तुमची बॅग उचलली आणि बोललो नाही. मला आईची लाज वाटली. सोळा शनिवार मी तुम्हाला घरच्या गोष्टी सांगितल्या, पण ज्यांत आम्ही अडाणी दिसू त्या गाळून सांगितल्या. तुम्ही एवढ्या बारकाईने बघता, तुमच्या हे लक्षात आलंच असेल.

तुम्ही म्हणालात, प्रत्येक ठिपका मला माहीत आहे, हा माहीत नाही. तुमचं बरोबर होतं. तो तुमचा नव्हताच. ज्या बाईला लाखात एक परका ठिपका ओळखू येतो, तिने ब्रश शाळेला देऊ नयेत. आमच्या शाळेला तर मुळीच देऊ नयेत, आम्ही त्या ब्रशांनी माठ रंगवू.

चित्र शुक्रवारपर्यंत पोहोचायचं आहे. गाल खरवडला तरी माझी हरकत नाही, तो माझा आहे. रागावला असाल तर माझ्यावर रागवा आणि खोली खाली करायला सांगा, पण सांगायला इथे या. तुमच्या बहिणीला कृपया सांगा की मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नाही.

आई विचारते, बाई जेवल्या असतील का.

तुमचा भाडेकरू

ता. क. भावाने जत्रेत तांदूळवाल्याला गाठून विचारलं. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा असतो, तो स्वतः बांधतो. माणूस तुमच्याच वयाचा आहे. हात थरथरत नाही का, असं भावाने विचारलं. तो म्हणाला, थरथरतो की, दिवसभर थरथरतो. दाण्याला टेकला की थांबतो.